कड्याखालचे स्पंज

घरात तिला सगळे पाणबुडी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा धाकट्या दिराने चेष्टेत ठेवलेलं नाव, तेच चिकटलं. तळ्यावरच्या संशोधन केंद्रात ती नोकरीला होती आणि तिचं काम होतं गारठवणाऱ्या पाण्यात बुडी मारून स्पंजांची पाहणी करणं.

तळं म्हणायचं आपलं, नाहीतर ती जमिनीला पडलेली चीरच. लाखो वर्षं ती फाटत आलीय आणि दोन्ही काठ अजूनही एकमेकांपासून इंचाइंचाने सरकताहेत. मधल्या खाईत पाणी इतकं खोल, की तळाशी कायमचा काळोख. पण तिचा जीव जडला होता काठालगतच्या कड्यावर. तिथे उजेड पोचतो, तिथे हिरवे स्पंज वाढतात. दिसायला फांद्या फुटलेलं झुडूप, पण प्राणी; हिरवेपणा अंगातल्या शेवाळाचा, त्याला उजेड लागतो. दिवसरात्र पाणी गाळत उभे असतात. वाढ इतकी सावकाश, की तिच्या कमरेला लागणारा एक स्पंज तिच्या आजेसासूबाईंहून म्हातारा होता.

त्या उन्हाळ्यात त्याच्या टोकांवर तपकिरी बुळबुळीत थर चढलेला दिसला. हात लावला तर फांदी शिजल्यासारखी गळून पडली. वर येऊन तिने पाहिलं, तर समोर दिराचं गेस्ट हाउस.

तिथली घाण तळ्यात उतरते का ते बघायला तिने केंद्रातला लाल रंग तिथल्या संडासात ओतला. सांगितलं फक्त नवऱ्याला. तो पर्यटकांची बोट चालवायचा.

"घरात आग लावशील," एवढंच तो म्हणाला.

दोन दिवसांनी ती खाली उतरली, तेव्हा कड्याच्या भेगेतून पाण्यात लाल धागा सुटत होता.

दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली, तेव्हा तिने सांगून टाकलं. दीर हसला. "वहिनी, अख्खा डोंगर ढकलला तरी मावेल त्या तळ्यात. आमच्या चार संडासांचं काय घेऊन बसलात?"

"खोल आहे ते मधे, भाऊजी. स्पंज काठाला आहेत. आणि इथला खडक ताणून ताणून तडकलाय. संडासाच्या खड्ड्यात पडतं ते मुरत नाही, सरळ खाली उतरतं."

जाऊबाईचं तोंड एवढंसं झालं. "चोरून रंग ओतलात? विचारलं असतं तर आम्ही नाही म्हटलं असतं का?"

पुढे कितीतरी दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद. मग एके सकाळी खणायचं यंत्र आलं. दिराने अंगण उकरून बंद टाकी बसवली. ऐन सुट्टीत सगळ्या खोल्या रिकाम्या राहिल्या. काम संपलं तसा तो स्वतः तिच्या दारात आला.

"ओता आता तुमचा रंग."

भेग स्वच्छ निघाली. त्या दिवशी जाऊबाई पुन्हा तिच्याशी धड बोलली.

पण थर थांबला नाही. शेजारच्या कड्यावर चढला, मग पलीकडच्या काठावर, जिथे घर नाही की वाट नाही. केंद्राच्या प्रमुखांनी आकडे पुढे ठेवले. वरचं पाणी तापत चाललं होतं, सगळीकडेच. तिने तगलेले तुकडे कापून आणखी खोल, थंड पाण्यात नेऊन बांधले. तिथे उजेड पुरेना, तेही पांढरे पडून मेले. तो म्हातारा स्पंज तिच्या डोळ्यांदेखत बुंध्यापासून सुटला आणि लोळत काळोखात गेला.

पुढच्या वर्षी दिराने विचारलं, "आता बरंय ना खाली?"

"काही उरलं नाही, भाऊजी."

"टाकी बसवूनसुद्धा?"

"टाकी बसवलीत ते बरोबरच केलंत. पण त्याने काही थांबणार नव्हतं."

तो म्हणाला, "मला बघायचंय."

नवऱ्याने बोट कड्यापाशी उभी केली. दिराने तिचा बुडीचा चष्मा डोळ्यांना लावला, बोटीच्या कडेवरून वाकून तोंड पाण्यात घातलं आणि दम पुरेल तोवर तसाच राहिला. खाली उन्हात नुसता नागडा खडक, दूरवर खाली उतरत गेलेला.

तो वर आला. केसांतून पाणी गळत होतं.

"कधी बघितलंच नव्हतं मी," तो म्हणाला. "कसे दिसायचे?"

ती सांगायला लागली, पण दोन वाक्यांपुढे तिला सांगता येईना. नवऱ्याने इंजिन चालू केलं.