मडक्यावरची रोटी

आमच्या सासूबाई, भागीरथाबाई. त्यांचा खांदा धरायला लागला तेव्हा त्यांनी सगळ्या घरादेखत सांगून टाकलं होतं, जिची रोटी फाटणार नाही तिच्या हाती चूल जाईल. चूल म्हणजे आमची सावजी खानावळ. तांडापेठेतल्या घरात सासऱ्यांचे हातमाग होते. ते मोडीत निघाले आणि त्याच खोलीत सासूबाईंनी चूल मांडली. तर्रीदार रस्सा आमच्या गल्लीत कुठेही मिळतो. लोक आमच्याकडे यायचे ते लंबी रोटीसाठी.

ज्यांनी ती होताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कणीक इतकी सैल की हातावरून ओघळावी. ती आपटून आपटून मळायची. मग गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि विस्तवावर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. सगळा भार हातांवर.

माझी रोटी फाटायची. धाकटी जाऊ काजल कणकेला हातच लावत नव्हती, तिची नखं खराब व्हायची. म्हणजे शर्यतीत मी एकटीच, आणि तरी हरत होते. फाटलेली रोटी गिऱ्हाइकाला वाढायची नाही असा नियम होता, त्यामुळे ती माझ्याच ताटात यायची. सासूबाई शेजारी पाटावर बसून एकच वाक्य ऐकवायच्या.

"मडक्याकडं काहून पाहून राहिली वं प्रेमिला? हाताकडं पाह्य."

डोक्यात जायचं ते वाक्य. मडक्याकडे बघू नको तर काय गच्चीकडे बघू? रोटी मडक्यावरच पडायची होती ना. आणि खरं सांगायचं तर मी मडक्याकडेही बघत नव्हते. रोटी सुटायच्या आधीच माझी नजर सासूबाईंच्या तोंडाकडे जायची. त्या मान हलवतील का, आता तरी चूल तुझी म्हणतील का. तेवढ्यात हातातली कणीक एका बाजूला झुकायची आणि मधोमध भोक पडायचं.

तरी मी चिकाटी सोडली नाही. इतवारीच्या बाजारातून गहू स्वतः पारखून आणले, चाळणी बदलली, मनगटं सुजली तरी कणीक आपटत राहिले. पुढे पुढे माझी रोटी फाटेनाशी झाली. मोठी नव्हे, सुरेखही नव्हे, पण अख्खी. गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा मागू लागली. मला वाटलं, आता झालं.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर दीर जितेंद्रने पेढे काढले. वर्धा रोडवर मोठा हॉल घेतला होता, गार हवेचा, तंदूर लावलेला, पगारी खानसामे असलेला. खानावळीचं नाव आणि मसाल्याचं माप सासूबाईंनी त्याला देऊन टाकलं होतं. जुनी चूल बंद. काजलला म्हणे गल्ल्यावर बसायचं होतं. माझे यजमान संजीव पेढा चघळत राहिले. त्यांना आयुष्यात कधी राग आला नाही, आमच्या घरातला तो सगळा माझ्याच वाट्याला आला असावा.

मी सासूबाईंना विचारलं, माझी रोटी तर आता फाटत नाही.

त्या म्हणाल्या, "रोटी चांगली झाली तुही, मी कुठं नाही म्हणते. पण काजलले पोरगा हाये. तुले एकटी पोरगी, गुंजन. चूल परक्या घरी जाऊ देऊ का मी?"

म्हणजे रोटीचा काही संबंधच नव्हता. कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बंद केलेली चूल पेटवली. का, ते मलाही सांगता आलं नसतं. गिऱ्हाईक येणार नव्हतं, पाटावर कोणी बसलेलं नव्हतं. हात शिवशिवत होते एवढंच. कणीक हातावर घेतली, आणि बघायला दुसरं काहीच उरलं नव्हतं म्हणून हाताकडे बघितलं. मनगटाशी ती जाड होती, बोटांकडे पातळ. हात जरा वळवला तशी सारखी झाली. कोपरापर्यंत उतरली, पलीकडचा विस्तव दिसावा इतकी तलम. मडक्यावर पडली ती कडेपर्यंत. इतकी चांगली रोटी मी कधी केली नव्हती. मला आनंद झाला, आणि तो आत्ता झाला याची शिसारीही आली. तेव्हापासून मी रोज करते, घरापुरती.

चूल गेली जितेंद्रकडे, सासूबाई राहिल्या माझ्याकडे. जितेंद्र आणि काजल आता हॉलच्या वरच्या मजल्यावर राहतात, तिथे काजलला म्हातारं माणूस सोसवत नाही. आता त्यांना माणसं नीट ओळखू येत नाहीत. परवा दुपारी त्यांना चुलीजवळ बसवून रश्शात रोटी कुस्करून दिली. सावकाश जेवल्या, बोटं चाटली, आणि मान हलवली. ज्या मानेसाठी मी मनगटं झिजवली, ती मान.

"काजलनं केली ना वं?" त्यांनी मलाच विचारलं. "तिच्याच हाताले जमते हे. मोठीची फाटते."

संजीव त्यांना खरं सांगायला निघाले, मी त्यांना नको म्हटलं. दया म्हणून नाही. संताप इतका होता की कानशिलं तापली, आणि पुढची कणीक माझ्या हातावर अर्धी उतरली होती. तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं तर ती फाटली असती.

मी हाताकडे बघितलं. रोटी अख्खी उतरली. ती मी काजलच्या नावाने त्यांच्या ताटात वाढली.