डावी बाजू आमची

सासरे गेले आणि वर्षाच्या आत दोघा भावांनी नाकाडोंगरीतलं घर, अंगण, धानाच्या बांध्या, सगळं वाटून घेतलं. गाडीचे मात्र दोन तुकडे करता येईनात. ती अँबेसेडर सासऱ्यांनी चिखल्याच्या खाणीवरच्या एका ठेकेदाराकडून जुनी घेतली होती आणि तिला गर्द लाल रंग स्वतःच्या हातानं मारला होता. पंच बसले. काय ते पंच! म्हणाले, गाडी दोघांची, अंगणात मधल्या रेषेवर उभी राहील, आणि ज्याच्या अंगणाकडे जी बाजू, ती त्यानं राखायची. माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ केवळराम, थोरले, म्हणून स्टेअरिंगची उजवी बाजू त्यांची. डावी आमची.

राखायची म्हणजे काय, ते सांगते. त्या काळी रंगावर आजच्यासारखा पारदर्शक थर नसायचा. रंग म्हणजे नुसता रंग. उन्हानं तो वरून मरतो, हात फिरवला तर खडूसारखी भुकटी लागते. पेस्ट लावून चोळलं की मेलेला रंग निघतो, खालचा ताजा वर येतो आणि फडकं लाल होतं. म्हणजे प्रत्येक वेळी रंग थोडा कमीच होतो. सासरे दसऱ्यालाच काय ते चोळायचे. एरवी खाणीची काळी धूळ पाण्यानं उतरवायची आणि वरून मेण फिरवायचं, बस.

डावी बाजू पश्चिमेला. दुपारपासून सगळं ऊन आमच्या दारांवर, आणि उजवीकडचं सकाळचं ऊन अडवायला भासऱ्यांचं घर उभं. गाडी कधी उलट्या तोंडानं लावली असती तर उन्हाचीही वाटणी झाली असती. मी नवऱ्याला तसं बोलायला लावलं. पण मग स्टेअरिंग आमच्या अंगणात येतं ना! भासरे म्हणाले, "पंचानं ठरवलं तसंच राहीन." आमचे हे मान खाली घालून परत आले. यांची मान नेहमी खालीच.

माझी जाऊ शकुंतलाबाई आठवड्यातून एकदा मेणाचं फडकं फिरवायची आणि तिची बाजू आरशासारखी चमकायची. मी राबराब राबायचे तरी आठवड्यात आमची दारं पांढुरकी पडायची. ती ओसरीवर सुपारी कातरत बघत बसायची. तिचं ते बघणं मला आजही सहन होत नाही.

एक्याऐंशीच्या वैशाखात माझ्या निर्मलाचं लग्न ठरलं. मुलगा कोंढ्याचा. पोरगी याच गाडीतून जाणार, हे मी सगळ्या गावाला सांगितलं होतं. डाव्या दारातून बसणार, दार मी उघडणार आणि तुमसरचा फोटोवाला तिथंच फोटो काढणार. जन्मभर ओसरीवरून माझ्याकडे बघणाऱ्या त्या बाईनं एक दिवस हेही बघावं, एवढंच मला हवं होतं.

लग्नाच्या महिनाभर आधीपासून मी पेस्ट घेऊन बसले. फडक्यामागून फडकं लाल.

"काहून वं बेबी," जाऊ ओसरीवरून म्हणाली, "रंग चमकवून राहिली का सोलून राहिली?"

"तुमी आपली बाजू पाहा ना जाऊबाई," मी म्हटलं, आणि आणखी जोर लावला.

हे म्हणाले, "आता पुरे कर. बाबूजी दाराच्या कडेवर हातच ठेवत नोहोते. तिथं रंग पातळ रायते."

मी ऐकलं नाही. यांचं ऐकायला हे कधी मोठ्यानं बोलले?

लग्नाच्या दिवशी सकाळी शेवटचा हात फिरवला आणि मागच्या दाराच्या कडेला रंगाखालचं करडं अस्तर दिसलं. आधी बोटभर, मग तळहाताएवढं. रंग सासऱ्यांनी स्वतः कालवलेला, तसा डबा कुठं मिळायचा? देवळीतलं कुंकू काढलं, गोडेतेलात कालवलं आणि त्या जागेवर थापलं. लांबून कळत नव्हतं. खरंच कळत नव्हतं!

दुपारी लग्न लागलं, पंगती उठल्या. पण वैशाखाचं ऊन नेमकं आमच्याच बाजूला. पाठवणीच्या वेळी बघते तर तेल पातळ होऊन लाल ओघळ दाराच्या मुठीवरून खाली उतरलेले. पुसायला फडकं हाताशी नव्हतं. मी तळव्यांनीच पुसायला लागले, तसं ते आणखी पसरलं.

तेवढ्यात निर्मला आली. पिवळा शालू, डोळे भरलेले. मी दोन्ही हात पुढे केले.

"हात नोको लावू माय!" ती दचकून मागे सरली. "शालूले डाग लागन."

मुठीला हात लावायची तर सोयच नव्हती. वऱ्हाडी घाई करत होते. तेव्हा पलीकडून, तिच्या त्या गुळगुळीत बाजूनं, जाऊबाईंचा आवाज आला. "इकून ये निर्मला. इकून बस."

माझी पोरगी गाडीला वळसा घालून गेली. शकुंतलाबाईंनी दार उघडलं. पोरगी "मोठी माय" म्हणत तिच्या गळ्यात पडली आणि जे रडणं माझ्या खांद्यावर व्हायचं होतं, ते तिथं झालं. फोटोवाल्याला मी ओरडून सांगितलं, इकडं ये, आई इकडं आहे. त्यानं तिकडूनच फोटो काढला.

गाडी निघाली तेव्हा मी डाव्या बाजूला, लाल हात अंगापासून लांब धरून उभी होते. निर्मला उजव्या काचेतून बाहेर बघत होती. तिनं मान वळवली असती तर मी तिला दिसले असते.