नाव दिसतं तेव्हा मी बंद असतो

वर बघा. अहो, फळ्याकडं नाही, वर! हां, मीच बोलतोय. दहावीच्या वर्गातला पंखा. फिरत फिरत बोलेन, चालेल ना? थांबलो की माझा जीव कासावीस होतो.

इंदापूर-बारामती रस्त्याला लागून, उसाच्या रानात आमची शाळा आहे. विनाअनुदानित. म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देत नाही, मुलांच्या फीवर भागवायचं. आणि फी कधी येते? कारखान्याकडून उसाचं बिल आलं की. पगार मात्र दर महिन्याला लागतो. शाळा काढणाऱ्या दादासाहेबांची ही कायमची रड.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, ते धड आठवत नाही. इथं आलो द्वारकाबाईंमुळं. त्यांचे मालक, जोतीराम आबा, वारले. पहिल्या पुण्यतिथीला त्यांनी मला शाळेला दिलं. आमच्याकडं रीतच आहे तशी. माणूस गेलं की त्याच्या नावानं पंखा द्यायचा आणि पात्यांवर नाव रंगवून घ्यायचं. पेंटरनं माझ्या एका पात्यावर 'कै. जोतीराम आबा' लिहिलं, दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ', तिसऱ्यावर 'द्वारकाबाईंकडून'. द्वारकाबाईंना अक्षर बारीक वाटलं, म्हणून आबांचं नाव पुन्हा गिरवून जाड करून घेतलं. त्या रंगाच्या वजनानं मला जो हेलकावा लागला तो आजतागायत गेलेला नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. मी फिरायला लागलो की नाव दिसत नाही. त्यामुळं द्वारकाबाई पाहुण्यांना घेऊन आल्या की पहिलं काम, बटण बंद! पोरं घामाघूम, आणि पाहुणे माना वर करून वाचतायत. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतं हो.

आता या एका वर्गात आम्ही एकाच बटणावरचे चार पंखे आहोत, चारही कुणाच्या ना कुणाच्या नावाचे. गणिताला मात्र बाई एकच, योगिनी मॅडम. वडगाव निंबाळकरहून स्कूटीवर येतात. विज्ञानाचे सर लोणी देवकरच्या एका कंपनीत लागले, तेव्हापासून विज्ञानही यांच्याच गळ्यात. चुकलेलं गणित त्या पुसत नाहीत, शेजारी नवीन मांडतात आणि कुठं चुकलं ते पोरांनाच शोधायला लावतात. द्वारकाबाईंची नात छकुली आठवीपर्यंत गणिताच्या तासाला पोट दुखतंय म्हणून घरी पळायची. आता आपणहून फळ्यापाशी जाते.

तर या ऑक्टोबरात काय झालं, सांगतो. शाळा सुटल्यावर योगिनी मॅडम दादासाहेबांना माझ्याच खाली उभ्या राहून म्हणाल्या, "सर, बारामतीच्या शाळेनं बोलावलंय. मला इथंच राहायचंय, पण पगार महिन्याच्या महिन्याला हातात पडला पाहिजे. सोमवारपर्यंत सांगा."

माझा तर हेलकावाच वाढला. दहावीचं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि बाई गेल्या तर या पोरांचं व्हायचं काय?

दादासाहेब आठवडाभर गावोगाव हिंडले. काटेवाडीच्या एका बागायतदारानं शाळेला कमान देतो म्हटलं, वर मोठ्या अक्षरात वडलांचं नाव हवं. दुसऱ्यानं पाण्याचा कूलर कबूल केला, तोही नावासकट. पगाराचं काढलं की लोक चहा सांगायचे आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचे. दादासाहेबांचीही चूक होती. वस्तू मागताना त्यांची जीभ फडाफडा चालायची, पगार मागायचा म्हटलं की त्यांना लाज वाटायची.

शनिवारी आबांची पुण्यतिथी. द्वारकाबाई पाहुण्यांना घेऊन वर्गात आल्या, मला बंद केलं आणि शिडी लावून हार घातला. उकाडा असा, की भिंतीसुद्धा तापल्या होत्या. द्वारकाबाई पुढच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, औंदा आणखी एक पंखा देणार.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादासाहेब नारळ घेऊन उठले, पण द्यायचं सोडून तसेच उभे राहिले. मग एकदम बोलून गेले, "काकी, पंखे बास झाले. बाई चालल्यात आमच्या. पगाराला हातभार लावा."

द्वारकाबाईंना रागही आला नाही. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "आन् नाव कुठं लिवायचं?"

दादासाहेबांनी नारळ टेबलावर ठेवला. योगिनी मॅडम खाली बघत उभ्या राहिल्या. मी वर नुसता टांगलेला, गळ्यात हार. त्या क्षणी मला स्वतःच्या नावाची चीड आली, खरं सांगतो.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या छकुलीनं वही काढली आणि आजीला वारा घालायला लागली. चार पंख्यांच्या खाली, वहीनं! द्वारकाबाईंनी नातीच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. वर माझ्याकडं बघितलं.

"मालकास्नी उकाडा सोसायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पंखा दिला मी. आन् त्यांचीच नात हितं घामात बसवलीया. लावा त्यो. नाव न्हाय दिसलं तर न्हाय."

हार काढायचंही कुणाला सुचलं नाही. मी फिरलो तशा झेंडूच्या पाकळ्या सगळ्या वर्गभर उडाल्या. पोरं हसली, मॅडमही हसल्या. वारा सुटला आणि माझ्या अंगावरचं नाव पार नाहीसं झालं. इतका हलका मी आजवर कधी फिरलो नव्हतो.

जाताना द्वारकाबाई म्हणाल्या की उसाचं बिल येईल तेव्हा येईल, दुधाचं बिल दर दहा दिवसाला येतंय; डेअरीवरच्या बायांशी बोलते. पण बोलणं वेगळं आणि देणं वेगळं. रविवारभर माझ्या जिवाला घोर.

सोमवारी घंटा झाली. स्कूटीचा आवाज काही आला नाही. प्रार्थना झाली, हजेरी झाली, तरी नाही. पोरं दाराकडं बघत होती. मग वऱ्हांड्यात चपला वाजल्या आणि योगिनी मॅडम हेल्मेट हातात घेऊन आत आल्या. स्कूटी पंक्चर झाली होती म्हणे. "शुक्रवारचं गणित काढा," म्हणाल्या, आणि खडू उचलला.

डेअरीवरच्या बायांनी दुधाच्या बिलातून पगाराला हातभार लावला, हे वर्ष तर निभलं. दुधाचा दर पडला तर पुढं काय, ही धास्ती आहेच मला. म्हणून तर असा करकरतो.

तुम्ही कधी शाळेत आलात तर बसा माझ्याखाली घटकाभर. फक्त मला बंद करायला लावू नका. नाव वाचायचंच असेल तर छकुलीला विचारा. आजोबांचं नाव तिला पाठ आहे.