तीन नंबरचा टॅपेट

आमची गाडी म्हातारी, इंजिन मागे, डिकीच्या जागी. त्याला पाणी लागत नाही, वाऱ्यावरच थंड होतं. बाकी मात्र सगळं लागतं. दर तीन महिन्यांनी सकाळी, इंजिन गार असताना, आमचे हे गाडी मागून जॅकवर उचलून खाली शिरायचे आणि टॅपेट सेट करायचे. चाळीस वर्षं मी शेजारी स्टुलावर बसून पाने-पक्कड पुरवते आहे. आणि बोलते आहे.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलून उघडणारा दांडा, आणि व्हॉल्व्ह यांच्यात कागदाएवढी फट ठेवायची असते. त्या फटीत पोलादाची पातळ पत्ती घालून ओढायची. किंचित अडकली की फट बरोबर. किंचित म्हणजे किती, ते फक्त बोटांना कळतं. फट जास्त राहिली तर इंजिन टकटक वाजतं. कमी राहिली तर आवाज बंद होतो आणि व्हॉल्व्ह जळतो. चार सिलिंडरांतला तीन नंबरचा सगळ्यांत आधी, कारण तिथं वारा कमी पोचतो.

"वाजणाऱ्याला भिऊ नये, गप्प झालेल्याला भ्यावं," असं हे सांगायचे आणि माझ्याकडे बघून पुढे जोडायचे, "त्या हिशेबानं आमचा संसार शंभर वर्षं टिकेल." माझ्या तोंडाची टकळी सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

या वर्षी साखरेनं ह्यांच्या बोटांतली जाण नेली. डॉक्टर पायांबद्दल बोलले होते. हातांचं ह्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते चहामुळे. हात लावताच मला चटका बसला असा पेला हे मुठीत धरून निवांत पेपर वाचत होते. मग शर्टाची बटणं माझ्याकडे आली. दाढी आली. टॅपेट तेवढे ह्यांच्याकडे राहिले.

त्या सकाळी तीन नंबरची पत्ती ओढताना ह्यांनी एवढा जोर लावला की तिचं टोक वाकलं. फट उरलीच नव्हती. मी वाकून बघितलं. तोंड उघडलं.

"झकास बसली," गाडीखालून हे म्हणाले. किती महिन्यांनी तो आवाज असा खुशीत ऐकला होता मी. मेल्या तोंडानं जन्मभर कुणाला सोडलं नाही, आणि नेमकी तेव्हा मी मूग गिळून बसले.

इंजिन सुरू झालं. शिलाई मशीनसारखं, एकसुरी.

"ऐकलंस?" हे माझ्याकडे बघत राहिले. "कसं वाटतंय?"

"छान," मी म्हटलं.

उद्या भाच्याला बोलावून गुपचूप नीट करून घेऊ, असं ठरवलं होतं. उद्या, परवा करत दीड महिना गेला. मग पुलाच्या चढावर मागून धाडकन आवाज आला आणि गाडी थांबली. ओढून आणल्यावर गॅरेजवाल्यानं उघडून दाखवलं. तीन नंबरच्या व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये घुसलं होतं. हे पार्ट आता मिळत नाहीत.

"काका, आता शोभेला ठेवा," तो म्हणाला आणि हात पुसून गेला.

हे पायरीवर बसून एकेक पाना चिंधीनं पुसत होते. मला राहवलं नाही. "अहो, त्या दिवशी पत्ती वाकली, ती मी पाहिली होती."

हे चिडले असते तर बरं झालं असतं.

"संशय मलाही आला होता," हे हळू म्हणाले. "इतकी गप्प गाडी कधीच नव्हती. म्हणून तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, चुकलं असतं तर ही बोलल्याशिवाय राहिली असती का? बोटं गेलीच होती गं माझी. मी तुझ्या भरवशावर होतो."

मला रडू आलं. ह्यांनी पाने कापडात गुंडाळले आणि गाठ मारायला घेतली. एकदा सुटली. परत मारली.

"सैल राहिलीय," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली आणि पुडकं माझ्याकडे सरकवलं.