दोरीबाहेरची जागा

बेबीनंदाने वडिलांची, दादांची काठी सतरंजीवर आडवी ठेवली आणि ती जत्रा कमिटीच्या माणसांसमोर बसली.

"काकासाहेब, दादांचा पाय तुमच्या कुस्त्यांच्या फडात मोडला. ते दोरीबाहेर बसले होते. पैलवान उडून त्यांच्या अंगावर पडला. असेपर्यंत दादा काही बोलले नाहीत. आता ते गेले. मी भरपाई मागायला आलेय."

काकासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तातेरावनं भरपाई घेतली की, बाई."

"घेतली असती तर मला कळवलं नसतं?"

"जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणलं, खर्चा कमिटीचा. बिलकुल ऐकलं न्हाई. म्हणला, माझा पाय आता फडात यायचा न्हाई, तर फड माझ्या घरी धाडा."

"अन् भांडून घेतलाच की फड घरी!" मागून कुणीतरी हसत म्हणालं.

गेलेल्या माणसाची अशी थट्टा! बेबीनंदाने काठी उचलली आणि ती उठली.

घरी येऊन ती भांडी पोत्यात भरू लागली. ती जालन्याच्या शाळेत शिकवायची. दादा तिच्याकडे राहायला कधी आले नाहीत. पत्रात लिहीत, 'माझी काळजी करू नको, येणं-जाणं असतं.' मुलीला बरं वाटावं म्हणून लिहितात, असंच ती समजत आली होती. चुलीजवळ चहाचे दोन पेले पालथे घातलेले होते. कोनाड्यात करडीच्या तेलाची बाटली तळाला गेली होती. एकट्या माणसाला एवढं तेल कशाला लागत होतं?

दिवेलागणीला दारात एक आडदांड माणूस येऊन उभा राहिला. कान चुरगळलेले, चपला हातात.

"मी कडूबा, ताई. तातेरावबाबांच्या अंगावर पडलो तो मीच."

तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"मयतीला आल्तो. मागं उभा होतो. तोंड दाखवायला धजलो न्हाई."

"मग आज?"

कडूबा चपलांकडे बघत राहिला. "काल कुंभार पिंपळगावला फड झाला. फड झाला की दुसऱ्या दिवशी यायचं, असं कमिटीनं बाबांशी ठरवलं होतं. आधी तेल लावून त्यांचे पाय चोळायचे, उस्तादाचे चोळतात तसे. मंग सगळ्या कुस्त्या सांगायच्या. सांगताना एक डाव चुकला तर बाबा काठी हाणायचे. अन् मी हरलेली कुस्ती दोनदा सांगायला लावायचे." तो हसू गेला, पण ते जमलं नाही. "आज पाय आपोआप इकडंच वळले. जातो, ताई."

"थांबा."

तिने पोत्यात हात घालून चहाचं भांडं बाहेर काढलं. चहा झाल्यावर दोन्ही पेले भरले. एक कडूबापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन ती भिंतीशी, दादांच्या जागेवर बसली. काठी आपल्या बाजूला टेकवली.

"सांगा."

"तुम्हाला कुस्तीतलं काय कळणार, ताई?"

"चुकलात तर काठी आहे."

कडूबाने पेला दोन्ही हातांत धरला. "हलगी लागली. पहिली जोड शहागडच्या पोराची. पोरगं नवं, पण पायात लई चपळ. सलामी झाली अन् त्यानं पटकन पाय धरून पट काढला..."

एवढं बोलून तो थांबला. सवयीने थांबला. इथे दर वेळी दादा पुढचं विचारायचे.

बेबीनंदा जरा पुढे सरकली.

"मंग?" ती म्हणाली.