दुसऱ्या डंकनचा हातोडा

मी हातोडा बोलतोय. माझा जन्मच मार खाण्यात झाला. भट्टीत लाल होईपर्यंत भाजलं, सांडशीने मान धरली, ऐरणीवर आडवं केलं आणि माझ्याहून मोठ्या घणाने बडव बडव बडवलं. आकार आला तसं गार पाण्यात बुडवलं. त्या वेळी जी किंकाळी फुटली, तेवढाच माझ्या आयुष्यातला माझा स्वतःचा आवाज.

हे झालं स्कॉटलंडमधल्या समुद्राकाठच्या एका गावात. मला घडवणारा लोहार जॉन रे. त्याचा मुलगा डंकन सोनं शोधायला ऑस्ट्रेलियाला निघाला होता. घाव घालता घालता जॉन बायकोला सांगत होता, की हा आपला दुसरा डंकनही चालला. पहिला डंकन दोन वर्षांचा असताना घटसर्पाने गेला होता. त्याच्यानंतर मुलगा झाला, तर त्यांनी त्याला तेच नाव दिलं. त्या लोकांत तशी रीतच होती. आजोबाचं नाव घरात राहिलंच पाहिजे. एक मूल गेलं, तर पुढच्याने ते नाव उचलायचं.

मी लालबुंद होतो, पण ऐकत होतो. हे मला तेव्हापासून माहीत आहे. मला तोंड असतं, तर कुशल आज जिवंत असता.

दुसरा डंकन मला घेऊन ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीला, सोन्याच्या खाणींवर आला. तिथे पाणी नव्हतं, झाड नव्हतं. होता तो नुसता खडक. एकाने छिन्नी धरायची, दुसऱ्याने तिच्यावर मला घालायचं. भोक पडलं की त्यात सुरुंग. एकदा नेम चुकला आणि मी छिन्नी धरणाऱ्याचा अंगठा ठेचला. एकदा दारूच्या गुत्त्यात डंकनने माझ्या दांड्याने एकाचे पुढचे दात पाडले. सकाळी दोघे एकत्र कामावर गेले. माणसं तशीच असतात, मारतात आणि डबा वाटून खातात.

पुढे यंत्रं आली आणि मला खिळ्यावर टांगलं. दुसरा डंकन गेला, त्याचा मुलगा गेला, नातू म्हातारा झाला. त्याचंही नाव डंकनच. मागच्या पडवीत, बार्बेक्यूच्या वरच्या भिंतीवर मी लटकत होतो. रविवारी मांसाचा धूर माझ्या अंगावर बसायचा. म्हातारा पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचा, हे आमचं घराणं.

त्याच्या मागच्या खोल्यांत कुशल भाड्याने राहायला आला. मिरजेचा, खाणीत इंजिनिअर. वडील गेल्यावर त्याने धाकट्या भावालाही थोडे महिने पाहुणा म्हणून बोलावून घेतलं. तनयने नववीतच शाळा सोडली होती. हात आधी चालायचा, डोकं मागाहून. मला तो आवडायचा. आमची जात एक.

म्हाताऱ्याला आपले पूर्वज शोधायचे होते, पण डोळ्यांत मोतीबिंदू. कुशल त्याला लॅपटॉपवर स्कॉटलंडची जुनी दप्तरं वाचून दाखवू लागला. चर्चच्या नोंदी, जन्म, मरण, शिरगणती. जुनं वळणदार अक्षर तो पडद्यावर मोठं करून बघायचा. वडिलांचं कार्य करायला तो नाशिकला गेला होता, तेव्हा उपाध्यायांनी वही उघडून त्याला खापरपणजोबांची सही दाखवली होती. तेव्हापासून त्याचा कागदावर फार विश्वास. म्हाताऱ्याला नुसतं डंकन म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. तो अंकल म्हणायचा. म्हातारा म्हणायचा, अंकल म्हणू नकोस, भाडं वाढवीन.

माणसांची एक खोड मी पाहिली आहे. शेजारी बसलेल्या जिवंत माणसाशी त्यांना बोलवत नाही, आणि दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्याची तारीख सापडली की टाळ्या पिटतात. म्हाताऱ्याचा मुलगा रॉस खाणीत डंपर चालवायचा. बापलेक एकमेकांशी महिनोन्‌महिने धड बोलत नसत. पण पूर्वजांचा विषय निघाला की रॉससुद्धा खुर्ची ओढून बसायचा.

एका रविवारी कुशलला लोहार जॉनच्या मुलाची नोंद सापडली. जन्म सापडला, आणि लगेच मृत्यूही. वय दोन वर्षं. कुशल तिथेच थांबला. कागद सांगतोय तेच खरं असं धरून त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की खरा डंकन रे लहानपणीच वारला. जो इथे आला तो कोणीतरी दुसराच होता. मेलेल्या मुलाचं नाव लावून आला असावा.

"म्हणजे आम्ही कोण?" रॉसने विचारलं. "चोराची अवलाद?"

कुशल म्हणाला, तो फक्त लिहिलेलं वाचतोय. म्हातारा ताट तसंच ठेवून आत गेला. मी भिंतीवर. माझ्या पोलादात खरं उत्तर होतं आणि मी खिळ्याला धरून गप्प होतो.

गोष्ट पबमध्ये पोहोचली. रॉसला पोरं नावचोर म्हणू लागली. त्याने एकाचं नाक फोडलं, स्वतःचा ओठ फाडून घेतला. आठवडाभर पडवीतल्या वस्तूंना तो येताजाता लाथा घालत होता.

तनय भावाला म्हणाला, दादा सोड, त्यांचे मेलेले त्यांना शोधू दे. पण कुशलने सोडलं नाही. त्याच गावातलं दुसरं एक घर वाचताना त्याला एकाच आईबापाची एकाच नावाची दोन मुलं दिसली, आणि तो ताडकन उठला. पुढची वर्षं त्याने पुन्हा चाळली, आणि जॉनचा दुसरा डंकन सापडला. पडवीच्या पायरीवर बसून तो तनयला सांगत होता, तेव्हा मी त्यांच्या डोक्यावरच लटकत होतो.

"तन्या, चूक माझी. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला दगडू नाहीतर धोंडू म्हणतात, यमाला तो नकोसा वाटावा म्हणून. मेलेल्याचंच नाव कोणी पुढच्याला देईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आईने तुझंच नाव दगडू ठेवायला हवं होतं," तनय म्हणाला. "डोकं तसलंच आहे."

दोघे हसले. कुशलने लॅपटॉप उचलला आणि म्हाताऱ्याला हाक मारली.

तेवढ्यात रॉस आला. सकाळपासून पीत होता. लॅपटॉप बघून म्हणाला, "पुन्हा आलास?" कुशल म्हणाला, "ऐक तरी, रॉस." रॉसने ऐकलं नाही. त्याने मला खिळ्यावरून ओढलं आणि फेकलं.

लॅपटॉपवर फेकला, असं तो कोर्टात म्हणाला. खरंही असेल. हवेत मी गरगर फिरलो, कुठे जातोय ते मलाच कळलं नाही. मग मी कुशलच्या कानशिलात बसलो. खडकावर बसतो तेव्हा मला उलटा धक्का बसतो. त्या दिवशी बसला नाही.

तनयने मला फरशीवरून उचललं. भावाकडे बघितलं आणि रॉसच्या मागे धावला. अंगण, फाटक, गाडी. गाडीपाशी रॉस पडला. तनयने मला त्याच्या उजव्या हातावर घातलं, मग मनगटावर, मग कोपरावर. हाडं मोडल्याचं मला दांड्यापर्यंत कळत होतं. मागून कुशल हाक मारत होता. "तन्या. तन्या." तनयला ऐकू येत होतं. मलाही येत होतं. तरी त्याने मला पुन्हा वर उचललं, या वेळी डोक्यासाठी.

आणि हाक थांबली.

त्यामुळे तो थांबला. मला टाकून मागे पळाला. कुशल म्हाताऱ्याच्या मांडीवर होता. अँब्युलन्सही म्हाताऱ्यानेच बोलावली होती.

त्यानंतर सगळं कोर्टात झालं. माझ्यासमोर दोन खटले चालले. म्हातारा साक्षीला उभा राहिला आणि पोटच्या मुलाविरुद्ध बोलला. त्याने सांगितलं, की कुशल आधी त्याला दुसऱ्या डंकनची नोंद कुठे आहे ते सांगत राहिला, आणि मग शेवटपर्यंत नुसता भावाला बोलावत राहिला. हे ऐकताना तनयने समोरच्या लाकडी कठड्यावर डोकं आपटलं. दोन शिपायांनी त्याला धरलं.

रॉस तुरुंगात आहे. त्याचा उजवा हात आता चमचाही धरत नाही. तनय तुरुंगात असतानाच पर्थला कुशलला अग्नी दिला. तिथे म्हातारा उभा होता. अस्थीही त्यानेच मिरजेला आईकडे पाठवल्या. तनयला भावाचा चेहरा पुन्हा दिसला नाही. आता त्याची शिक्षा भरली आणि त्याला भारतात परत पाठवताहेत. त्याने एकच गोष्ट मागितली आहे. मी.

आज पोलीस ठाण्यात टेबलावर मी प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलो होतो. मालक म्हणून म्हाताऱ्याने संमतीची सही केली. ड्युटीवरच्या बाईंनी सांगितलं, रक्त लागलेली वस्तू धुतल्याशिवाय देता येत नाही. तनय टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "नो वॉश. माय ब्रदर." माझ्यावर त्याच्या भावाचं रक्त आहे आणि त्याला तेवढंच उरलंय, असं तो मराठीत ओरडत होता. कोणाला काही कळत नव्हतं, पण सगळ्यांना समजलं.

म्हाताऱ्याने पिशवी डोळ्यांजवळ नेली.

"यातलं त्याचं कुठलं, मुला?" तो म्हणाला. "आणि माझ्या रॉसचं कुठलं?"

तनयने पिशवी हातात घेतली, फिरवून बघितली. डाग एकच होता, काळा, वाळलेला, डोक्यापासून दांड्यापर्यंत उतरलेला. त्याने मला टेबलावर ठेवलं आणि तो खुर्चीत बसला. बाई म्हणाल्या, उद्या विमानाआधी काय ते सांग.

तनय, तुला ऐकू जाणार नाही, पण मी बोलतोय. मला मिरजेला नेऊ नकोस. आईच्या घरात मला कुठे ठेवशील? देवघराखाली? तिने विचारलं हे काय, तर काय सांगशील? मी तुझ्या हातात नीट बसतो, हे मला माहीत आहे आणि तुलाही. तिथेही कधीतरी कोणीतरी तुला डिवचेल आणि मी भिंतीवर असेन. बाईंना सांग, धुवा. मग सांग, फेकून द्या, भंगारात द्या, भट्टीत घाला. भट्टी मला नवी नाही.

तुला दादा हवाय. मी त्याला लागलो होतो, तेवढंच त्याचं माझं नातं. मला इथेच सोड आणि आईकडे जा.