शेवंतीची डाळिंबी झूल

मित्रांनो, सोलापूरच्या मे महिन्यात अंगावर मखमल चढवणारे दोनच प्राणी आहेत. एक नवरदेव आणि दुसरी त्याची घोडी. पैकी नवरदेव ती हौसेने चढवतो. घोडीला कोणी विचारत नाही. तिच्या पाठीवर जी मखमल असते, ती मी. एक जुनी झूल.

माझं कापड नवी पेठेतलं. रंग डाळिंबी, कडेला जर, मधे आरसे. कुंभारीच्या संगप्पाने आपल्या शेवंती घोडीसाठी मला शिवून घेतलं. प्रभुलिंग टेलर हुशार माणूस. घोडीच्या घामाने मखमलीवर डाग पडू नयेत म्हणून त्याने आतून रेक्झीनचं अस्तर लावलं. आतला घाम बाहेर येत नाही आणि बाहेरचा वारा आत जात नाही. संगप्पा खूश झाला. त्याची बायको सावित्रम्मा मात्र म्हणाली, "तुमी बसा की एकदा रेक्झीन गुंडाळून उन्हात. मग सांगा कसं वाटतंय ते."

तिने स्वतः जुन्या धोतरांची एक पातळ, पांढरी झूल शिवली. उन्हाळ्यात ती पाण्यात बुडवून, पिळून शेवंतीवर टाकायची आणि बादली पुढे करून म्हणायची, "नीर कुडी, अव्वा." पाणी पी, असं. ते ऐकलं की घोडी डोळे मिटायची. माझ्याखाली तिने कधी डोळे मिटल्याचं मला आठवत नाही. पण मिरवायला मीच. लोक माझे फोटो काढत, घोडी फोटोत आपोआप येई. थंडीतल्या लग्नांत आमचं बरं चाले. पण आपल्याकडे मुहूर्त थंडी बघून निघत नाहीत.

गेल्या वर्षी मे महिन्यात मंद्रूपला लग्न होतं. नवरदेव इंद्रजीत. लग्नाआधी त्याला घोडीवरून मारुतीला न्यायचं, आणि तिथे पोचेपर्यंत त्याचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. घरापासून मारुती चालत दहा मिनिटं. पुढे डीजे असल्यामुळे दीड तास. वेळ दुपारी तीनची.

संगप्पा नवरदेवाच्या मामाकडे गेला. हे उदयसिंह मामा.

"मामा, ऊन लई हाय. आज सुताची पांढरी झूल घालू का? टेंपोत हाय."

"पांढरी? लग्न हाय का मयत?"

"घोडीला झेपंना झालंय ओ."

"नवरदेवाची शेरवानी डाळिंबी, घोडी डाळिंबी. मॅचिंग ठरलंय. व्हिडिओवाल्याला काय सांगू? आमची घोडी नाजूक हाय म्हणून?"

सगळे हसले. संगप्पाही हसला. मला वाटतं, तिथेच तो हरला.

मित्रांनो, अर्ध्या वाटेवर शेवंतीचा घाम थांबला. घाम थांबला म्हणजे बरं वाटत असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. तिची कातडी तव्यासारखी कोरडी आणि गरम झाली. ती आतून थरथरू लागली. ही बातमी एवढ्या गर्दीत फक्त मला होती, आणि मला तोंड नाही. मी घसरून पडायचा प्रयत्न केला असता, पण प्रभुलिंगने नाड्या पक्क्या लावल्या होत्या.

तेवढ्यात इंद्रजीतने मान टाकली. मखमली शेरवानी, आत जाकीट, वर फेटा. गडी खोगिरावरच आडवा झाला.

"आरं, लग्न गेलं खड्ड्यात!" मामा ओरडले. "आधी पोराच्या अंगातलं काढा! जीव गुदमरतोय त्याचा!"

चार जणांनी त्याला उचललं, पाय जमिनीला न लावता. गुंड्या तुटल्या. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी बर्फ आणला, मांडवातला कूलर आला. एका मिनिटात नवरदेव बनियनवर होता. मामांचं वाक्य मला फार आवडलं. ते घोडीकडे बघून एकदा म्हटलं असतं, तर आणखी आवडलं असतं.

जाता जाता ते संगप्पाला म्हणाले, "घोडी तयार ठेवा. शुद्धीवर आला की परत बसवू. मारुतीपुढचा फोटो राहिलाय."

संगप्पा लगाम धरून उभा राहिला. शेवंतीचे पुढचे गुडघे वाकले. मागून टेंपोत येणारी सावित्रम्मा बादली आणि विळा घेऊनच धावली. खोगिराचा पट्टा सुटला, पण माझ्या गाठी आधीच्या घामाने आवळून बसल्या होत्या.

"अगं, झूल फाटंल!" संगप्पा म्हणाला.

"फाटू दे की. घोडी गेल्यावर टाके कुटं घालणार तुमी?"

विळा फिरला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी उपयोगी पडले, ते रस्त्यावर पडून. अंगावर चार बादल्या ओतल्यावर शेवंतीने डोळे मिटले. मी घाबरले. मग तिने कान हलवला.

नवरदेव मामांच्या खांद्यावर बसून, बनियन आणि फेट्यावर, मारुतीला पोचला. फोटो छान आलाय म्हणतात.

शेवंती वाचली. पण आता मला पेटीतून काढलं की ती भिंतीपर्यंत मागे सरते. तिचं काही चुकत नाही.

प्रभुलिंगने मला पुन्हा शिवलंय. नाड्यांऐवजी नायलॉनचे पट्टे लावलेत. "आता इळ्यानंबी तुटत न्हाई," तो अभिमानाने म्हणाला. येत्या मे महिन्यातलं एक लग्न ठरलंय. त्या घरच्यांनी मंद्रूपचा व्हिडिओ पाहून फोन केला होता, "तीच डाळिंबी पायजे."

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू 'आमची काळजी घ्या' म्हणतात. मी म्हणते, माझी घेऊ नका. फक्त वरातीत गरम होऊन तुमचा हात स्वतःच्या गुंडीकडे गेला, की एकदा घोडीच्या पोटाखाली बघा. तिथेही एक पट्टा असतो, आणि तिला हात नाहीत.

परवा सावित्रम्मा म्हणत होती, पेटीत उंदीर शिरलाय. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी संगप्पाने आठवणीने डांबराच्या गोळ्या टाकल्या.